गाठीची गुर्मी

मराठी माणसाचं गाठीशी फार जुनं नातं आहे. आपण लग्नाची गाठ बांधतो, विसरायचं नसेल तर खूणगाठ बांधतो, भांडण काढायचं असेल तर "गाठ माझ्याशी आहे" म्हणतो आणि म्हातारपणी गाठीला चार पैसे असावेत म्हणून जन्मभर नोकरी करतो. एवढं असूनही लहानपणी पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली आणि त्याच वेळी घाईची लागली, की गाठीबद्दलचा सगळा आदर अर्ध्या मिनिटात संपायचा. पुढे इलॅस्टिक आलं. इलॅस्टिकमुळे आपली संस्कृती बुडाली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

नदीकाठी मात्र भेटतो. फ्लाय फिशिंग करणाऱ्यांमध्ये तर हटकून भेटतो. तुमच्या तंगुसाच्या टोकाला गाठीऐवजी एक छोटी तारेची क्लिप दिसली, की हा माणूस अशा चेहऱ्याने बघतो की जणू तुम्ही पुरणपोळीवर टोमॅटो केचप घेतलंय. "खरा अँगलर गाठच मारतो," असं तो म्हणतो. आज या वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे: हे वाक्य इतिहास म्हणून खोटं आहे, तंत्र म्हणून अर्धवट आहे आणि माणूस म्हणून निर्दय आहे.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांचा आलाय त्यांनी दोन परिच्छेद गाळून पुढे जायला हरकत नाही.)

कोकणात खाडीवर गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबी लावतो. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतं. पिसं, केस, लोकर आणि दोरा गळावर गुंडाळून किड्यासारखं दिसणारं काहीतरी बनवतात, ती फ्लाय. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून दोरी जाड आणि वजनदार ठेवतात, फेकतात ती दोरी, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. दोरीच्या पुढे निमुळता होत गेलेला लीडर आणि त्याच्या टोकाला शेवटचा, सगळ्यात बारीक तंगूस. त्याला टिपेट म्हणतात. ट्राउटसाठी नेहमी वापरात असलेला ५एक्स टिपेट ०.१५ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे साधारण आपल्या दोन केसांएवढा.

ट्राउटला थंड पाणी लागतं, त्यामुळे आपल्या सह्याद्रीत हा मासा नाही. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काश्मीर, कुलू आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला. हिमाचलात तीर्थन नदीवर परवाना काढून तो धरता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, उरलेल्या महिन्यांत पावसाने नदी गढूळ होते, म्हणजे पुण्या-मुंबईहून सुट्टी काढून जाणाऱ्याच्या वाट्याला वर्षातून तीन-चार दिवस येतात. आणि हा मासा नखरेल. सकाळी तळाशी सरपटणाऱ्या अळ्या खाईल, दुपारी पाण्याच्या मधल्या थरात वर येणारे किडे खाईल आणि संध्याकाळी नेमके पृष्ठभागावर बसलेले. तो जे खातोय तसं दिसणारं काही तुम्ही दिलं नाहीत तर ढुंकून बघणार नाही. म्हणून दिवसभरात फ्लाय बदलावी लागते. कधी पाच वेळा, कधी पंधरा वेळा.

आता बदलणं म्हणजे काय ते बघा. तुम्ही वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात मांडीपर्यंत उभे आहात. बोटं बधिर. गळाचा डोळा मोहरीच्या दाण्याहून बारीक. जुनी फ्लाय कापायची, दोन केसांएवढा पारदर्शक तंगूस त्या डोळ्यातून ओवायचा, स्वतःभोवती पाच वेढे द्यायचे, टोक मागे फिरवून फासातून काढायचं, मग थुंकी लावायची (हसू नका, कोरडा नायलॉन घासला की तापतो आणि कमजोर होतो), सावकाश ओढायचं आणि उरलेलं टोक कापायचं. याला क्लिंच गाठ म्हणतात. दिवसा, घरी, टेबलावर, छान जमते. संध्याकाळी सात वाजता, जेव्हा ट्राउट खरोखर वर यायला लागतात आणि उजेड जायला लागतो, तेव्हा ओवता ओवता तुमच्या तोंडून येतात ते शब्द मी इथे लिहीत नाही.

क्लिप म्हणजे स्टीलच्या तारेचा एक वाकवलेला तुकडा. साधारण कागदाला लावायच्या यू-क्लिपचं बाळ म्हणा. एका बाजूच्या कडीला सकाळी एकदा, नीट उजेडात, टिपेट बांधायचा. दुसऱ्या बाजूला तारेचं मोकळं टोक असतं, त्यावरून फ्लायचा डोळा सरकवून आत घ्यायचा. काढायची असेल तर उलटं सरकवायचं. बिजागरी नाही, स्क्रू नाही, काही नाही. दहा सेकंदांचं काम. बास, एवढ्यावरून महाभारत.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

आक्षेप पहिला: ही परंपरा आहे

हा सगळ्यात लाडका आक्षेप आणि हाच सगळ्यात पोकळ.

आयआयटीच्या परीक्षेसाठी ज्यांनी रात्री घालवल्यात त्यांना 'हॉल अँड नाईट' हे नाव ऐकलं तरी घाम फुटतो. 'हायर अल्जिब्रा', १८८७ सालचं पुस्तक, अजूनही आपल्याकडे क्लासवाले पोरांच्या डोक्यावर आपटतात. त्यातले हॉल, म्हणजे हेन्री सिंक्लेअर हॉल, हे इंग्लंडात ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात गणित शिकवायचे आणि सुट्टीत ट्राउट धरायचे. १८७९ च्या सुमारास या गणिताच्या मास्तरांनी मित्राबरोबर खटपट करून लहान फ्लायसाठी चांगला, डोळा असलेला गळ तयार करून घेतला.

म्हणजे त्याआधी काय होतं? त्याआधी फ्लायच्या गळाला बहुधा डोळाच नसायचा. रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून काढलेली तात गळाच्या दांड्यावर दोऱ्याने गुंडाळून पक्की केलेली असायची आणि फ्लाय त्या तातीसकटच विकत मिळायची. तातीच्या दुसऱ्या टोकाला फासा. नदीवर गेल्यावर लीडरच्या फाशात हा फासा अडकवला की काम झालं. बदलायची असेल तर फासा सोडवा, दुसरी अडकवा. लक्षात आलं का? आपले पूर्वज (म्हणजे त्यांचे पूर्वज) नदीकाठी गळाला गाठ मारतच नव्हते. ते अडकवत होते. गाठ ही हॉल मास्तरांच्या नव्या डोळ्याबरोबर आलेली नवी कटकट होती.

मग लोकांनी ती का स्वीकारली? कारण जुन्या पद्धतीत एक मोठी खोट होती. फ्लायच्या नाकाशी तात घासून झिजली की सगळी फ्लाय फुकट, कारण ती पुन्हा बांधायला जागाच नाही. शिवाय जाड तातीवरची फ्लाय बारीक तातीवर लावता येत नाही. फ्लाय आणि तात एकमेकांना कायमच्या चिकटलेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड्यूल्सचं कपलिंग फार घट्ट होतं, हॉलनी ते सैल केलं. त्यासाठी गाठीची किंमत मोजली, आणि त्या काळी ती रास्तच होती. तरीही लोकांनी लगेच टोप्या उडवल्या नाहीत. तातीला बांधलेल्या फ्लाय पुढेही कित्येक वर्षं विकल्या जात होत्या.

गंमत पुढेच आहे. डोळ्याच्या गळाची बाजू जोरात कोणी उचलून धरली? फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी. १८८६ साली त्यांचं तरंगत्या फ्लायवरचं पुस्तक आलं आणि पुढे ड्राय फ्लायचा सोवळेपणा ज्यांच्या नावाने चालतो ते हेच गृहस्थ. म्हणजे सोवळ्याचा मूळपुरुष त्याच्या काळात नव्या यंत्राचा प्रचारक होता!

क्लिप काय करते? हॉलचा सुटेपणा ठेवते (कुठलीही फ्लाय, कुठल्याही टिपेटला) आणि हॉलच्या आधीची सोय परत आणते (अडकवा आणि चला). परंपरेचाच दाखला द्यायचा असेल तर क्लिपचा दावा गाठीपेक्षा कमी नाही. त्यामुळे परंपरेच्या नावाखाली जे जपलं जातंय ती परंपरा नाही, ती सवय आहे. आणि सवयीला परंपरा म्हणणं हा आपला राष्ट्रीय छंद असला तरी तो तीर्थनच्या काठी नको.

आक्षेप दुसरा: हे कौशल्य आहे, कष्टाशिवाय मजा नाही

कष्टाची एवढी हौस असेल तर या मंडळींच्या बॅगा तपासा. आजकालच्या फ्लाय लाइनच्या टोकाला कारखान्यातच फासा वेल्ड करून येतो. पूर्वी तिथे नेल नॉट नावाची किचकट गाठ मारावी लागायची. वेल्ड केलेला फासा आल्यावर कोणी सुतक पाळलं? लीडर आणि टिपेट यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची धातूची टिपेट रिंग लावतात, जेणेकरून लीडर झिजत नाही आणि अवघड गाठ टळते. क्लिपला नाक मुरडणारे कितीतरी लोक ही रिंग खुशाल वापरतात. रिंग चालते, फासा चालतो, टोपीला लावायचं भिंग चालतं, डोळ्यातून तंगूस ओवून देणारी ओवणीही चालते. मग शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरवर येऊनच धर्म कसा काय बुडतो?

पाइक नावाच्या दातेरी माशासाठी फ्लाय वापरतात तेव्हा तर पुढे धातूची तार आणि तिला स्नॅप हीच सर्रास पद्धत आहे. तिथे कोणी काही बोलत नाही. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही. ट्राउट हा साहेबाचा मासा, म्हणून त्याच्यासमोर टाय घालून उभं राहायचं, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शिवलेली नऊवारी आली तेव्हा किती आज्यांनी कपाळाला हात लावला होता! "ही काय नऊवारी? हा तर पायजमा!" आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेल्या शंभर मुली बघा. त्यातल्या किती जणींनी काष्टा स्वतः घातला असेल? शिवलेली नसती तर त्यातल्या बऱ्याच जणी जीन्स घालून कठड्यावरून फोटो काढत उभ्या असत्या. ज्यांना काष्टा नेसता येतो त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण नऊवारी नेसण्याचा आनंद आणि निऱ्या काढण्याचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरं येत नाही म्हणून पहिलं नाकारायचा अधिकार कोणालाच नाही.

फ्लाय फिशिंगमधलं खरं कौशल्य कुठे आहे? पाणी वाचण्यात. मासा कुठल्या दगडामागे उभा असेल, प्रवाह कुठे मंदावतोय, आपली सावली कुठे पडतेय, फ्लाय प्रवाहाबरोबर न ओढली जाता कशी वाहील, यात. त्यासाठी वर्षं जातात आणि त्याला कुठलीही क्लिप नाही.

आक्षेप तिसरा: क्लिपने फ्लाय बिघडते

हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याच्याशी इमानदारीने बोलू.

ड्राय फ्लाय म्हणजे पाण्यावर तरंगणारी. तिच्या नाकाशी धातू लटकवला तर ती नाकावर आपटते. फ्लायच्या आकड्यांची उलटी गंगा असते, आकडा मोठा तितका गळ लहान. तर सोळा-अठराच्या आणि त्याहून बारीक ड्राय फ्लायला क्लिप लावू नये. बऱ्याचदा त्या डोळ्यातून तार जातही नाही. तिथे गाठच मारा. शेवाळ फार असेल तर क्लिपला ते अडकतं, तेही खरं.

पण पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायचं काय? निम्फ, वेट फ्लाय, स्ट्रीमर. निम्फमध्ये तर आपण मुद्दाम टंगस्टनचा मणी घालतो की ती बुडावी म्हणून. बुडवायच्या वस्तूला तारेच्या इवल्याशा तुकड्याचं वजन जड झालं म्हणणं म्हणजे ट्रकवर माशी बसली म्हणून टायर तपासण्यासारखं आहे. उलट इथे क्लिपचा फायदाच आहे. घट्ट गाठीत फ्लाय तंगुसाला ताठ जखडली जाते. क्लिपच्या कडीत ती मोकळी झुलते, प्रवाहात जिवंत किड्यासारखी हलते. हेच मोकळेपण मिळावं म्हणून जाणकार लोक स्ट्रीमरला मुद्दाम फाशाची सैल गाठ मारतात. आणि ती गाठ क्लिंचपेक्षाही कटकटीची.

मजबुतीचं म्हणाल तर बरोबर मापाची क्लिप ५एक्स टिपेटच्या आधी हार मानण्याचं कारण नाही. तो टिपेट दोन किलोच्या आसपासच्या ताणाला तुटतो. फार बारीक क्लिप मोठ्या माशावर लावली तर तार उघडू शकते, म्हणून मोठ्या झटापटीनंतर तिच्याकडे एकदा बघायचं. वाकली असेल तर फेकून द्यायची. (नदीत नाही, खिशात.) आणि क्लिपचा एक खराखुरा तोटा तिचे भक्त सांगत नाहीत, तो मी सांगतो: गाठ दिवसभर तीच राहते. गाठवाल्याची गाठ प्रत्येक बदलाला ताजी होते, क्लिपवाल्याची झिजत जाते. त्यामुळे रोज सकाळी नवी गाठ, मोठा मासा येऊन गेला की पुन्हा नवी, आणि प्रत्येक बदलाला शेवटचा वीतभर तंगूस बोटांतून फिरवून खरखर लागते का ते बघायचं. हे नियम पाळायचे नसतील तर क्लिप वापरू नका.

आक्षेप चौथा: सोपं झालं की लोक सारखी फ्लाय बदलत बसतात

हा आक्षेप सगळ्यात हुशार आहे आणि तो घेणारे सहसा चांगले अँगलर असतात. त्यांचं म्हणणं असं: मासा लागत नाही याचं कारण बहुतेक वेळा फ्लाय नसते, फेक चुकलेली असते. गाठ मारायचा कंटाळा माणसाला विचार करायला लावतो. क्लिप मिळाली की तो विचार सोडून डबीतल्या चाळीस फ्लाय एकामागून एक लावत सुटतो. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेन्कारा करणारे काही जुने लोक तर एकाच फ्लायवर सगळं निभावतात.

असा अँगलर मी पाहिलाय. तसा प्रोग्रामरही पाहिलाय. बग का येतोय ते न समजून घेता एकेक ओळ बदलून रन, बदलून रन करणारा. पण त्यावर उपाय म्हणून कंपाइल व्हायला चाळीस मिनिटं लागली पाहिजेत असं आपण म्हणतो का? नाही म्हणत. बदलाची किंमत जास्त असली की माणूस विचार करतो हे अर्धसत्य आहे. बहुतेक वेळा तो बदल करायचंच टाळतो. चुकीची फ्लाय आहे हे दिसत असतं, वर किडे उडतायत, मासे पृष्ठभागावर टिपतायत, आणि हा गृहस्थ सकाळचीच निम्फ तळातून ओढत बसलेला असतो, कारण आता अंधारात कोण ओवणार! शहाणपण शिकवायला गैरसोय ही फार वाईट शिक्षिका आहे. ती शिकवते कमी, थकवते जास्त.

त्यांचा आणखी एक तोडगा असतो: "मग डेव्ही नॉट शीक, पाच सेकंदांत होते." खरंय, डेव्ही वॉटन यांची ही गाठ सुंदर आहे, छोटी आणि झटपट. मीही वापरतो. पण यांना मूळ दुखणंच कळलेलं नाही. दुखणं गाठीचं नाहीये, ओवण्याचं आहे. लवचिक, पारदर्शक, वाऱ्याने हलणारं टोक मोहरीएवढ्या भोकात घालायचं आहे. गाठ पाच सेकंदांत होईल हो, पण त्याआधीच्या पाच मिनिटांचं काय?

आणि आता मूळ मुद्दा

वरचे चारही मुद्दे तसे गमतीचे. मला राग आला तो वेगळ्या कारणाने.

आमच्या बरोबर येणारे एक काका आहेत. आयुष्यभर नदीवर गेलेले, महाशीर ते ट्राउट सगळं केलेलं. पाणी वाचावं तर त्यांनी. मासा कुठे आहे हे ते आपल्याला पुलावरूनच सांगतात आणि तो तिथेच असतो. गेल्या काही वर्षांत त्यांचे हात थरथरायला लागले. डोळ्यांचं तर वयाप्रमाणे व्हायचं तेच झालं. मधल्या दोन सीझनला ते आलेच नाहीत. एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, दर अर्ध्या तासाला तुम्हा पोरांना हाक मारायची, बाबा रे एवढं बांधून दे... लाज वाटते रे. तुमचाही दिवस खराब."

मी त्यांना क्लिपचं पाकीट दिलं. "काका, तुम्ही एकदा बघा तरी." सकाळी गेस्टहाउसच्या ओसरीवर मी एकच गाठ मारून दिली. दिवसभर ते एकटे, वरच्या वळणावर, कोणालाही हाक न मारता फ्लाय बदलत राहिले. संध्याकाळी चेहरा असा की मासे किती लागले हे विचारायची गरज नव्हती.

आणि तिथे आलेल्या दुसऱ्या ग्रुपमधला एक तिशीचा पोरगा, अंगावर लाखभर रुपयांचं सामान, त्यांच्या टिपेटकडे बघून हसत म्हणाला, "काका, हे चीटिंग झालं हां!"

काका हसले. मी नाही हसलो.

बाळा, तुझे डोळे आत्ता तिशीचे आहेत. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं. हे सगळ्यांचं होतं, त्यातून सूट नाही. आपण सगळे दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे लोक, मानेची आणि मनगटांची दुखणी घेऊनच नदीवर जातो. तू ज्याला कौशल्य म्हणतोस त्यातलं निम्मं तुझं वय आहे. ते तू कमावलेलं नाहीस आणि ते तुझ्याजवळ राहणारही नाही. ज्याने चाळीस वर्षं पाणी वाचायला घालवली त्याला सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून तू नदीच्या बाहेर काढणार? आठ वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा नेलंस तर तिलाही वीस मिनिटं गाठ मारत बसवणार? मग ती दुसऱ्यांदा येणार नाही, आणि तू नंतर सगळीकडे लिहिणार, नवीन पिढीला निसर्गाची आवड नाही.

यात अजून एक पक्ष आहे, ज्याला कोणी विचारत नाही. मासा. घाईत, अंधारात, बधिर बोटांनी मारलेली गाठ सुटते. तंगुसाचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं होऊन परत आलं की समजायचं, गाठ निसटली. फ्लाय गेली, म्हणजे कुठे गेली? माशाच्या जबड्यात. तुमच्या गाठीच्या अभिमानाची किंमत तो भरतोय. (काटा नसलेला गळ वापरत असाल तर निदान तो लवकर निसटेल. वापरत नसाल तर आधी ते सुरू करा, क्लिपचं नंतर बोलू.) घरच्या उजेडात मारलेली एक चांगली गाठ नदीतल्या दहा घाईच्या गाठींपेक्षा माशाच्या भल्याची आहे.

आणि तंगूस. गाठवाल्याचा प्रत्येक बदलाला दहा-बारा सेंटिमीटर टिपेट जातो. दिवसाला दहा बदल धरले तर मीटरभर. ते तुकडे खिशात घालणारे किती आणि पाण्यात सोडणारे किती, हे कुठल्याही काठावर खाली वाकून बघा. संक्रांतीला नायलॉन मांजाने पक्षी कसे अडकतात हे आपण बघतो. त्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली. नदीकाठचा नायलॉन वेगळा नसतो. तोही कुजत नाही, तोही पायात अडकतो. फक्त तिथे बघायला कोणी नसतं.

तर, माझी भूमिका एकदाची स्पष्ट सांगतो. गाठ शिका. एक गाठ इतकी चांगली शिका की डोळे मिटून येईल, कारण क्लिप बांधायलाही तीच लागते, आणि बारीक ड्राय फ्लायला तिच्याशिवाय पर्याय नाही. गाठ मारायला आवडत असेल तर मनसोक्त मारा, तुमचा आनंद तुमचा. पण काठावर उभं राहून दुसऱ्याच्या तंगुसाच्या टोकाकडे बघून त्याची जात ठरवू नका. नदीला सोवळं-ओवळं नसतं, निदान आपण तिथे नेऊ नये.

पुढच्या ट्रिपला बॅगेत क्लिपचं एक जास्तीचं पाकीट टाका. चार कपड्यांच्या पिनांएवढीही जागा लागत नाही. काठावर कोणी म्हातारा माणूस फ्लाय डोळ्यांसमोर धरून, हात लांब-जवळ करत, उजेडाकडे बघत खटपट करताना दिसला तर मुकाट्याने त्याच्याजवळ जा, एक क्लिप बांधून द्या आणि निघून या. आणि तेवढ्यात मागून कोणी "चीटिंग" म्हणालाच, तर त्याला माझ्या वतीने सांगा, गाठ माझ्याशी आहे. :)